‘बुद्ध’वाचक चिनी अक्षराचे अर्थ व उच्चार

प्राचीन भारताचा, आणि त्यांतही दक्षिणेचा, इतिहास लिहितांना चिनी प्रवाशांच्या वृत्तान्तांचा आधार आपण वारंवार घेतों. ह्युएनत्संगाच्या इ. स. ६४६ मध्यें पुऱ्या झालेल्या ग्रंथांत महाराष्ट्र देशाचें व तेथील पुलकेशी राजाचें वर्णन आहे, हें सर्वविश्रुत आहे. परंतु त्या ग्रंथांतील विशेषनामें आपल्या हातीं येतात तीं बहुधा तीनदां वेष पालटून येतात. मूळ भारतीय नांव प्रथम सातव्या शतकांतील चिनी अक्षरांत उतरलें. त्या अक्षरांचा पुढें पेकिंग येथील आधुनिक उच्चार झाला. आणि तो उच्चार युरोपीय विद्वानांनीं रोमन लिपींत लिहिला. ह्या तिसऱ्या रूपावरून पहिलें रूप ओळखूं पाहणारा अभ्यासक पुष्कळदां फसतो. मधल्या हजार-बाराशें वर्षांत चिनी भाषेचे उच्चार आमूलाग्र बदलले, ही गोष्ट तो हिशेबांत धरीत नाहीं.

ही गोष्ट नियमांची लांबलचक यादी देऊन सांगण्यापेक्षां एकच अक्षर घेऊन तें सर्व बाजूंनीं तपासणें अधिक सोयीचें होईल. त्याकरितां चिनी भाषेंत ‘बुद्ध’ ह्या अर्थीं जें अक्षर रूढ आहे, तें येथें निवडलें आहे. आज पेकिंगच्या बोलींत त्याचा उच्चार ‘फो’ असा होतो. ‘बुद्ध’ व ‘फो’ ह्यांत कानास एकही वर्ण समान लागत नाहीं. तरीही तें अक्षर ‘बुद्ध’ ह्या शब्दाच्या ध्वनीसाठींच योजलेलें आहे. हें कसें, तें पाहिलें म्हणजे इतर नांवांचीं कुलुपें उघडण्याची किल्ली आपोआप हातीं येते.

अक्षराची घडण

प्रस्तुत अक्षर सात रेघांचें आहे. त्याचे दोन भाग पडतात. डावीकडे दोन रेघांची ‘मनुष्य’ अशा अर्थाची खूण आहे. उजवीकडे पांच रेघांचें एक स्वतंत्र अक्षर असून त्याचा अर्थ ‘न’ किंवा ‘नाहीं’ असा आहे. धनुष्यासारख्या वळणावळणाच्या रेघेंतून दोन उभ्या रेघा काढल्या म्हणजे त्याची आकृति होते.

येथें पहिली सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘मनुष्य’ अधिक ‘न’ म्हणजे ‘मानवातीत’, म्हणून तें बुद्धास लावलें, अशी व्युत्पत्ति सांगण्याचा मोह अनेकांस होतो. ती ऐकावयास गोड, पण निराधार आहे. बहुतांश चिनी अक्षरें अशाच दोन भागांचीं असतात: एक भाग अर्थाचा वर्ग दाखवितो, दुसरा केवळ उच्चार सुचवितो. हू शेन नांवाच्या पंडितानें इ. स. १०० मध्यें पुरा केलेला व इ. स. १२१ मध्यें बादशहास अर्पण झालेला जो आद्य शब्दकोश आहे, त्यांत ९,३५३ अक्षरें ५४० वर्गांत मांडलीं आहेत. त्या कोशांत प्रस्तुत अक्षर ‘मनुष्य’वर्गांत असून उजवा भाग ध्वनीपुरता आहे असें सांगितलें आहे; आणि त्याचा अर्थ ‘स्पष्ट न दिसणें’ असा दिला आहे. बुद्धाचा त्यांत उल्लेखही नाहीं. अर्थात् हें अक्षर बौद्ध धर्माच्या पोटीं जन्मलेलें नसून, तें आधीं चीनमध्यें होतेंच व नव्या कामास मागून लावलें गेलें.

बुद्धापूर्वीचे अर्थ

बुद्धाशीं संबंध येण्यापूर्वींचे ह्या अक्षराचे मुख्य अर्थ चार सांपडतात.

पहिला कोशकारानें दिलेला: अस्पष्टपणा, भास. ह्या अर्थीं तें एकटें क्वचित् येतें; दुसऱ्या एका अक्षराशीं जोडून ‘फांग-फू’ असा जोडशब्द होतो व त्याचा अर्थ ‘जणूं काय, भासल्यासारखें’ असा असतो. हा शब्द आजही प्रचारांत आहे.

दुसरा अर्थ विरोधाचा. ‘ली-ची’ ह्या आचारग्रंथांत शिक्षणावर एक प्रकरण आहे. त्यांत वाईट शिक्षकांची रीत सांगतांना, त्यांची शिष्याकडून होणारी अपेक्षा विपरीत असते, अशा अर्थानें हें अक्षर आलें आहे. शिक्षकाच्या पेशांत जन्म घालविलेल्या प्रस्तुत लेखकास हें स्थळ विशेष लक्षांत राहिलें, हें सांगणें नलगे.

तिसरा अर्थ वळविण्याचा किंवा मुरगाळण्याचा. त्याच ग्रंथांत, पक्षी नजर करतांना त्याची मान वळवून धरावी, परंतु तो पाळीव असल्यास तसें करूं नये, असा शिष्टाचार सांगितला आहे. तेथें क्रियापद हेंच आहे.

चौथा अर्थ साहाय्याचा. ‘शी-चिंग’ ह्या ३०५ गीतांच्या प्राचीन संग्रहांतील एका राजस्तुतिपर गीतांत हें अक्षर येतें. माओ-परंपरेचे जुने टीकाकार तेथें ‘मोठें’ असा अर्थ करतात, चंग श्वेन (इ. स. १२७–२००) हा टीकाकार ‘साहाय्य करणें’ असा अर्थ घेतो. हा दुसरा अर्थ घेतल्यास उच्चारही बदलतो: तेथें ‘फू’ न म्हणतां ‘बी’ म्हणावें लागतें.

एका शब्दाचे अनेक अर्थ ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. अमरकोशाच्या नानार्थवर्गांत ‘हरि’ शब्दाचे किती अर्थ आहेत, हें बालपणीं ज्यांनीं तो घोकला त्यांस ठाऊक आहे. चिनी अक्षराचें वैशिष्ट्य असें कीं, अर्थाबरोबर उच्चारही फिरतो. आपल्याकडे ह्याचें जवळचें उदाहरण द्यावयाचें तर स्वरभेदाचें देतां येईल: ‘इन्द्रशत्रु’ ह्या समासांत उदात्त स्वराची जागा बदलतांच मारणारा कोण व मरणारा कोण हेंच उलटतें, असें महाभाष्यांत दाखविलें आहे. म्हणून चिनी अक्षर ओळखलें एवढ्यानें काम होत नाहीं. तें कोणत्या अर्थीं आहे हें ठरल्यावांचून त्याचा उच्चार ठरत नाहीं.

जुना उच्चार कसा कळतो ?

चिनी लिपि वर्णमालेची नसल्यामुळें अक्षरावरून जुना उच्चार वाचतां येत नाहीं. परंतु चिनी पंडितांनीं उच्चार नोंदण्याची एक युक्ति दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतच काढली होती. तींत अज्ञात अक्षराचा उच्चार दोन ज्ञात अक्षरांनीं सांगतात: पहिल्याचें आद्य व्यंजन घ्यावयाचें, दुसऱ्याचा स्वरासह उरलेला शेवट घ्यावयाचा व दोन्ही जोडावयाचे. ‘गण’ ह्यांतील ग् व ‘मति’ ह्यांतील अति मिळून ‘गति’, असा तो प्रकार आहे. इ. स. ६०१ मध्यें लू फा-येन ह्यानें ह्या पद्धतीनें यमककोश रचला व त्याचाच विस्तार होऊन इ. स. १००८ मध्यें २०६ यमकवर्गांचा ‘क्वांग-युन’ हा मोठा कोश सिद्ध झाला.

ह्या कोशांत ‘बुद्ध’वाचक अक्षराचा उच्चार सांगण्यास जीं दोन अक्षरें दिलीं आहेत, तीं आज पेकिंगमध्यें दोन्हीही ‘फू’ अशींच उच्चारतात. आजच्या उच्चारांनीं सूत्र सोडविलें तर उत्तर ‘फू’ येतें. प्रचारांत मात्र ‘फो’ आहे. म्हणजे आजच्या उच्चारांवर विसंबल्यास खुद्द चिनी कोशाचें सूत्रही जुळत नाहीं. परंतु कोशकाराच्या काळीं पहिल्या अक्षराचें आद्य व्यंजन घोष ओष्ठ्य ‘ब्’ होतें आणि दुसऱ्याचा शेवट ‘-युत्’ होता. दोन्ही मिळून ‘ब्युत्’ असा उच्चार निघतो. येथें ‘बुद्ध’ शब्दाचें पूर्वार्ध, ‘बुद्’, जवळजवळ जसेंच्या तसें समोर उभें राहतें.

हा निष्कर्ष केवळ एका सूत्रावर उभा नाहीं. शेजारच्या राष्ट्रांनीं निरनिराळ्या काळीं हें अक्षर उच्चारासह उचललें आणि प्रत्येकानें जुन्या ध्वनीचा कोणता ना कोणता अवयव जतन करून ठेवला. जपानांत त्याचे दोन उच्चार आहेत: आधीं आलेला ‘बुत्सु’ व तांग राजवटीच्या काळीं आलेला ‘फुत्सु’. पहिल्यांत आद्य ‘ब्’ शाबूत आहे. दोहोंतही अंतींचा ‘त्सु’ हा जुन्या ‘त्’चाच अवशेष होय. (जपानी लोक अर्थानुसार त्यास ‘होतोके’ असेंही वाचतात, पण तो चिनी उच्चार नव्हे.) कोरियांत ‘पुल्’ किंवा ‘बुल्’ म्हणतात, तेथें चिनी शब्दांतील अन्त्य ‘त्’चा नियमानें ‘ल्’ होतो. आनाम देशांत, म्हणजे हल्लींच्या व्हिएतनामांत, जुनें रूप ‘बुत्’ व नंतरचें ‘फत्’ अशीं दोन्ही आहेत. पैकीं ‘बुत्’ हा तेथील लोककथांत दीनांच्या साहाय्यास येणारा कृपाळू वृद्ध झाला आहे. चीनच्या दक्षिणेस कँटनच्या बोलींतही ‘फत्’ असाच उच्चार असून अन्त्य ‘त्’ आजतागायत टिकला आहे.

ह्या सर्वांचा मेळ घातला म्हणजे दोन फेरफार स्पष्ट होतात. पहिला: कित्येक अक्षरांतील आद्य ओष्ठ्य ‘प्’ व ‘ब्’ ह्यांचा तांग काळाच्या ओघांत दन्तोष्ठ्य, फारसी ‘फे’सारखा, ‘फ’ झाला. प्राचीन चिनींत हा दन्तोष्ठ्य ध्वनि नव्हताच, हें च्येन ता-शिन (इ. स. १७२८–१८०४) ह्या चिनी पंडितानें युरोपीय भाषाशास्त्राच्या साहाय्यावांचून दाखवून दिलें होतें. दुसरा: उत्तरेकडील बोलींत अन्त्य ‘प्’, ‘त्’, ‘क्’ गळून पडले. चौ त-चिंग ह्याच्या इ. स. १३२४ मधील यमककोशांत अशा व्यंजनान्त अक्षरांची वाटणी इतर स्वरवर्गांत केलेली दिसते. ‘ब्’चा ‘फ्’ झाला, ‘त्’ गेला. ‘ब्युत्’चें ‘फो’ होण्यास एवढें पुरेसें आहे.

लिखित पुरावाही उपलब्ध आहे. तुन-ह्वांग येथील जी गुहा इ. स. १९०० मध्यें उघडकीस आली आणि जिच्यांतील पोथ्या इ. स. १९०७ मध्यें स्टाइन व १९०८ मध्यें पेलिओ ह्यांनीं नेल्या, तींत चिनी ग्रंथ तिबेटी लिपींत उतरलेलीं कांहीं पानें सांपडलीं. तिबेटी लिपि ब्राह्मीकुलांतील असल्यामुळें तींत उच्चार वर्णशः टिपला जातो. लो चांग-पै ह्यानें इ. स. १९३३ मध्यें त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वायव्य चीनमध्यें अन्त्य ‘त्’ त्या काळीं ‘द्’ किंवा ‘र्’ असा ऐकूं येई, असें त्यावरून ठरतें. प्राचीन उइगुर तुर्कींत बुद्धास ‘बुर्खान’ म्हणतात, त्यांतील ‘बुर्’ हें आपलेंच अक्षर व ‘खान’ ही राजपदवी होय, ह्याचा उलगडाही त्यानें होतो.

‘बुद्ध’ शब्दाचा चीनमध्यें प्रवेश

चीनमध्यें बुद्धाचें नांव प्रथम दोन अक्षरांनीं लिहीत. आज तीं ‘फू-तू’ अशीं वाचतात. जुना उच्चार ‘बू-द’ असा कांहींसा होता. इ. स. ६५ मध्यें हान वंशाच्या मिंग बादशहानें चू प्रांताचा अधिपति राजपुत्र यिंग ह्यास उद्देशून काढलेल्या आज्ञापत्रांत हें रूप आलें असून, ‘श्रमण’ व ‘उपासक’ हे शब्दही चिनी अक्षरांत दिसतात. तें आज्ञापत्र फान ये (इ. स. ३९८–४४५) ह्याच्या इतिहासांत उतरलें आहे. इ. स. १४८ मध्यें पार्थियाहून आन शी-काव लोयांगला आला व भाषांतरांचा काळ सुरू झाला. लोकक्षेम हा त्यानंतर थोडक्याच वर्षांनीं आला. ह्या भाषांतरांत एकाक्षरी रूपानें आपलें स्थान कायम केलें.

हें एकाक्षरी रूप म्हणजे ‘फो-थो’ (बुद्ध) ह्या द्व्यक्षरी रूपाचा संक्षेप, अशी समजूत दीर्घकाळ होती. संस्कृताचे चिनी पंडित ची श्येन-लिन ह्यांनीं इ. स. १९४७ मध्यें दाखविलें कीं, क्रम उलटा आहे: एकाक्षरी रूप जुनें, ‘फो-थो’ मागाहूनचें. त्यांचें म्हणणें असें कीं, एकाक्षरी रूप संस्कृतावरून थेट न येतां, ज्यांत शेवटचा स्वर लोपला होता अशा मध्य आशियांतील भाषेमार्फत आलें. इ. स. १९९० मध्यें त्यांनीं ह्याच विषयावर दुसरा निबंध लिहून आपल्या मताची पुनर्मांडणी केली. मध्यस्थ भाषा कोणती ह्याविषयीं मतभेद असले, तरी ध्वनि महत्त्वाचा व अक्षराचा मूळ अर्थ गौण, एवढें निर्विवाद आहे.

मध्य आशियांतील ह्याच अस्वरान्त रूपाचा दुसरा प्रवाह इराणी भाषांत शिरला. फारसी ‘बुत’, म्हणजे मूर्ति, हा शब्द ‘बुद्ध’ ह्यापासूनच झाला आहे. ‘बुतपरस्त’, ‘बुतशिकन’ हे शब्द ज्यांनीं फारसी तवारिखांत वाचले असतील, त्यांस चिनी ‘ब्युत्’ व फारसी ‘बुत’ हे एकाच शब्दाचे पूर्वेकडील व पश्चिमेकडील प्रवासी आहेत हें ध्यानांत येईल.

त्याच अक्षराचा ‘फिरंगी’ अवतार

उच्चार किती बदलला ह्याचा पुरावा सोळाव्या शतकांत अगदीं निराळ्या ठिकाणीं सांपडतो. इ. स. १५१३ मध्यें पोर्तुगीज प्रथम चीनच्या किनाऱ्यास लागले व इ. स. १५१७ मध्यें त्यांचा वकील तोमे पिरेश कँटनला पोंचला. मुसलमान व्यापाऱ्यांच्या तोंडीं त्यांचें नांव ‘फरंगी’ असें होतें. चिनी लेखकांनीं तें तीन अक्षरांत लिहिलें: फु-लांग-की, आजच्या उच्चारानें फो-लांग-ची. इ. स. १७३९ मध्यें पुऱ्या झालेल्या मिंग वंशाच्या इतिहासांत पोर्तुगिजांवर ह्याच नांवाचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांतील पहिलें अक्षर आपलें ‘बुद्ध’वाचक अक्षरच आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकांत जें ‘ब्...त्’ ह्या ध्वनींसाठीं निवडलें, तेंच सोळाव्या शतकांत ‘फ’ ह्या ध्वनीसाठीं निवडलें गेलें.

चिनी लोकांनीं पोर्तुगिजांच्या मागून बार भरण्याच्या तोफेसही हेंच नांव दिलें. मराठींत फिरंगी म्हणजे पोर्तुगीज व फिरंग म्हणजे त्यांच्याकडील सरळ पात्याची तरवार. चिनी भाषेंत तेंच नांव तोफेस मिळालें. परंतु ह्या नांवांत कोणी बुद्धाचा संबंध शोधूं लागेल, तर तो ‘मानवातीत’ व्युत्पत्ति सांगणाऱ्याच्याच पंक्तीस बसेल.

महाराष्ट्राच्या नांवाकडे

आतां ही किल्ली आपल्या घरच्या कुलुपास लावून पाहूं. ह्युएनत्संगानें महाराष्ट्राचें नांव चार अक्षरांत दिलें आहे. त्याचें रोमन रूप इंग्रजी भाषांतरांत ‘मो-हो-ला-च’ असें छापलेलें असतें. हें पाहून कोणासही वाटावें कीं, ‘ष्ट्र’ कोठें गेला व ‘च’ कोठून आला ? जुन्या उच्चारानें तीं अक्षरें ‘म-ह-लत्-ठ’ अशीं होतात. तिसऱ्या अक्षराच्या अंतीं ‘बुद्ध’वाचक अक्षराप्रमाणेंच ‘त्’ होता. तो आज लोपला आहे. चौथ्याचें आद्य व्यंजन मूर्धन्य महाप्राण होतें. त्याचा पुढें तालुस्थानाकडे झुकणारा ‘छ’सारखा उच्चार झाला. चिनी भाषेंत ‘र’ नसल्यामुळें ‘ल’ योजावा लागला. म्हणजे प्रवाशानें ‘राष्ट्र’ शब्दांतील संयुक्त व्यंजन गाळलें नव्हतें. त्यानें तें दोन अक्षरांत वांटून दाखविलें होतें. सुराष्ट्राच्या नांवांतही शेवटीं हींच दोन अक्षरें आहेत, ह्यावरून हा अपघात नसून पद्धति होती हें सिद्ध होतें. ह्यावरून लगेच, त्यानें ‘महारट्ठ’ हें प्राकृत रूपच ऐकलें, असा निकाल देणें मात्र घाईचें होईल. ‘ष्ट्र’ लिहिण्यासही त्याजवळ ह्याहून सोयीचें साधन नव्हतें.

राजाचें नांव आज ‘पु-लो-ची-शे’ असें वाचतात. जुना उच्चार ‘पु-ल-के-श’. पुलकेशी ह्या नांवाशीं तो अक्षरशः जुळतो. ‘के’चा ‘ची’ हा नंतरचा विकार होय. हर्षाचें शीलादित्य हें बिरुद पांच अक्षरांत आहे; त्यांतील चौथें आज ‘तिए’ असें उच्चारतात, पण पूर्वीं तें ‘देत्’ होतें व त्याच्या अन्त्य ‘त्’नें ‘दित्य’ ह्यांतील जोडाक्षर राखलें आहे. महाराष्ट्र व शीलादित्य ह्या दोन्ही ठिकाणीं लुप्त झालेला ‘त्’ परत ठेवला कीं नांव आपोआप उभें राहतें.

संग्राहकांस सूचना

वरील विवेचनावरून व्यवहारास उपयोगी अशा चार गोष्टी निघतात.

(१) चिनी ग्रंथांतील भारतीय नांव चर्चेस घेतांना रोमन रूपावर विसंबूं नये. मूळ अक्षरें कोणतीं हें आधीं पाहावें व यमककोशांतील जुना उच्चार लावावा. 

(२) नांव कोणत्या शतकांत लिहिलें गेलें हें नक्की करावें. पहिल्या शतकाचें, सातव्याचें व सोळाव्याचें माप एक नाहीं. 

(३) ध्वनीसाठीं योजलेल्या अक्षरांच्या अर्थावरून मूळ शब्दाचा अर्थ काढूं नये. तिबेटी लोकांनीं ‘बुद्ध’ शब्दाचें भाषांतर केलें, म्हणून तेथें अर्थाचा विचार रास्त आहे. चिनी लोकांनीं ध्वनि घेतला. 

(४) चिनी अक्षरें असलेली मूर्ति, घंटा किंवा पोथीचें पान हातीं आल्यास अक्षरांचा ठसा अथवा छायाचित्र आधीं घ्यावें. बुद्धगया येथें इ. स. १०२२ व १०३३ चे चिनी शिलालेख मिळाले आहेत. तेव्हां अशा वस्तु ह्या देशांत दुर्मिळ असल्या तरी अपूर्व नाहींत. नक्कल करणारानें हेंही ध्यानांत ठेवावें कीं, ‘बुद्ध’वाचक अक्षर संक्षेपानेंही लिहितात: मनुष्याची खूण तशीच ठेवून उजवीकडे दोनच रेघांची लहान खूण करतात. जपानांत हेंच रूप अधिकृत आहे. तुन-ह्वांगच्या पोथ्यांत ‘बोधिसत्त्व’ शब्दाच्या दोन अक्षरांऐवजीं त्यांच्या माथ्यावरील तृणचिन्हेंच तेवढीं काढलेलीं आढळतात. असल्या खुणा नक्षी समजून सोडून दिल्यास लेखाचा मुख्य शब्दच गळतो.

चिनी प्रवाशांनीं आपल्या देशाचीं नांवें कानानें ऐकून मोठ्या काळजीनें लिहून ठेविलीं आहेत. तीं वेडींवांकडीं दिसतात तो दोष लिहिणाराचा नसून, त्या काळच्या उच्चारांनीं तीं वाचण्याचें काम आपणांकडून अद्याप पुरतेपणीं झालेलें नाहीं. ज्यांच्या संग्रहीं अशीं नांवें वा लेख असतील, त्यांनीं ते वरील रीतीनें तपासून पाहावे व निष्पन्न होईल तें ह्याच पृष्ठांतून विद्वानांपुढें ठेवावें, एवढीच विनंति आहे.